सूर एकाचा, ताल दुसऱ्याचा?

लॅटिन नृत्यसंगीताविषयी काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत एक समीकरण भेटतंच: सूर स्पेनचा, ताल आफ्रिकेचा. गिटार, कडवी, सुरावट एका किनाऱ्यावरून आली. ढोल, ठेका, कंबरेची लय दुसऱ्या किनाऱ्यावरून आली. दोहोंचा संगम झाला आणि रुम्बा, मांबो, साल्सा जन्मले. तबकड्यांच्या वेष्टनांवर हेच, विश्वकोशांत हेच, नृत्यवर्गांच्या माहितीपत्रकांतही हेच. वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहतं, आणि ते सपशेल खोटंही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे वाक्य संगीत ज्या दोन खणांत वाटून टाकतं, त्या खणांची किंमत सारखी नाही. सूर म्हणजे रचना, भाषा, बुद्धी. ताल म्हणजे शरीर, उपजत ऊर्मी. एका बाजूला रचनाकार उभा राहतो, दुसऱ्या बाजूला नुसता अंगात आलेला ठेका. वाटणी न्यायाची दिसते आणि जुनी उतरंड शाबूत राहते.

मी स्पॅनिशमधून मराठीत भाषांतरं करते. निकोलास गियेन या क्यूबन कवीच्या आठ छोट्या कवितांवर काम करताना हे समीकरण पुन्हा पुन्हा आडवं आलं, कारण त्या कविता एका नृत्यसंगीताच्या साच्यात लिहिलेल्या आहेत. तो साचा कुणाचा, हे ठरवल्याशिवाय त्यातली माणसं मराठीत कोणत्या आवाजात बोलतील हे ठरत नव्हतं. म्हणून हा लेख संगीताविषयी आहे आणि भाषांतराविषयीही. उदाहरण एकाच संगीतप्रकाराचं घेते: क्यूबाचा ‘सोन’. पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘साल्सा’ या नावानं जे गाजलं, त्याचा कणा हाच.

१

सुरुवात आलेहो कार्पेन्तिएरच्या ‘ला मूसिका एन कूबा’पासून करावी लागते. १९४६ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक आजही या विषयाचं प्रवेशद्वार आहे. कार्पेन्तिएर कादंबरीकार, पण या पुस्तकासाठी त्यानं चर्चची दप्तरं, जुनी वर्तमानपत्रं, नगरपालिकांचे कागद चाळले. सान्तियागोच्या कॅथीड्रलमधला अठराव्या शतकातला संगीतकार एस्तेबान सालास याच्या विस्मरणात गेलेल्या रचना त्यानं पुन्हा उजेडात आणल्या. एवढ्या मेहनतीच्या या पुस्तकात एक गोष्ट मात्र अशी आहे जी इतिहास म्हणून टिकली नाही.

ती आहे ‘मा तेओदोरा’ची. तेओदोरा आणि मिकाएला खिनेस या सान्तो दोमिंगोहून आलेल्या दोन मुक्त कृष्णवर्णीय बहिणी. सोळाव्या शतकात सान्तियागोत त्या वाद्यवृंदात वाजवत. तेओदोराच्या नावाचं एक गाणं म्हणजे क्यूबाचा पहिला ‘सोन’, अशी ही कथा. एकोणिसाव्या शतकाअखेरीस लाउरेआनो फुएन्तेसनं ती छापली, कार्पेन्तिएरनं ती विस्तारानं मांडली आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकानं ती उचलली. १९७१ साली आल्बेर्तो मुगेर्सिया या संशोधकानं हवानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नियतकालिकात या कथेची कागदोपत्री तपासणी केली आणि तिला आधार नसल्याचं दाखवून दिलं. सोळाव्या शतकातला सोन नाहीसा झाला. ज्याला आपण सोन म्हणतो तो बेटाच्या पूर्व भागात एकोणिसाव्या शतकात घडत गेला, असं आता मानलं जातं.

कथा इतकी का रुजली, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्या गाण्यात स्पॅनिश वळणाची ओळ आणि आफ्रिकी वळणाचं प्रत्युत्तर एकत्र सापडतात. म्हणजे एका गाण्यात, एका बाईच्या तोंडी, एका शहरात, राष्ट्राचा सगळा संगम आयताच मिळतो. राष्ट्राला जन्मदाखला हवा असतो आणि तो जितका जुना तितका चांगला. आपल्याकडे हे नवं नाही. भाषेचं वय, ग्रंथाचं वय, वाद्याचं वय वाढवत नेण्याची हौस इथल्या प्रत्येक भाषेला आहे.

पण ‘जुनी मुळं’ ही कल्पना क्यूबाच्या बाबतीत मुळातच फसवी आहे. या बेटावर गुलाम म्हणून उतरवलेल्या आफ्रिकी माणसांची संख्या सुमारे पावणेआठ लाख धरतात. त्यांतली बहुसंख्य माणसं १७९० नंतर, साखरेच्या भरभराटीत आली. गुलामांची आयात १८६०च्या दशकापर्यंत चालू होती, गुलामगिरी कायद्यानं संपली १८८६ साली. सोनची पहिली गाजलेली पथकं १९२०च्या दशकात हवानात ध्वनिमुद्रणं करत होती, तेव्हा गुलामीत जन्मलेली माणसं शहरात हयात होती. दुसऱ्या बाजूला स्पेनमधून, विशेषतः गालिसिया आणि कॅनरी बेटांतून, स्थलांतरितांचे लोंढे विसाव्या शतकातही येत होते. म्हणजे ‘मूळ’ म्हणून ज्याला खाली जमिनीत दाखवतात ते वर, त्याच रस्त्यावर, त्याच काळात चालत होतं.

२

आता संगीताकडे. सोनचा सगळा डोलारा ज्यावर उभा असतो तो ‘क्लावे’ म्हणजे टणक लाकडाच्या दोन दांड्यांनी वाजवलेले पाच आघात. सोळा समान मात्रांचं आवर्तन धरलं तर हे आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. मधली अंतरं तीन, तीन, चार, दोन, चार. सोळा मात्रा ऐकून आपल्या कानाला तीनताल आठवेल, पण तिथले चार-चारांचे समान विभाग इथे नाहीत. आवर्तनाची पहिली बाजू तीन आघातांची, ताणलेली. दुसरी दोन आघातांची, सैलावलेली. गाणं कोणत्याही बाजूनं सुरू होऊ शकतं, पण एकदा सुरू झालं की गायक, गिटार, पियानो, नर्तकाची पावलं, सगळ्यांना त्या बाजूशी इमान राखावं लागतं. समेवर येऊन भेटायचं नसतं, संपूर्ण वेळ त्या असमानतेशी बोलत राहायचं असतं.

असा सतत वाजत राहून बाकी सगळ्याला दिशा देणारा छोटा आकृतिबंध पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या संगीतात सर्वत्र आढळतो. घानाचे संगीतज्ञ क्वाबेना न्केतिया यांनी त्याला ‘कालरेषा’ या अर्थाचं नाव दिलं. तिथे तो बहुतेकदा लोखंडी घंटेवर वाजतो. हवानात तो लाकडावर आला. फेर्नान्दो ओर्तिस या अभ्यासकाच्या मांडणीनुसार क्लावेच्या दांड्या मूळच्या जहाजबांधणीत वापरायच्या लाकडी खुंट्या. हवानाच्या गोदीत कृष्णवर्णीय आणि गोरे कामगार त्या हाताळत. नाव स्पॅनिश, वस्तू गोदीतली, आकृतिबंध आफ्रिकी. इथपर्यंत समीकरण बऱ्यापैकी टिकतं.

पुढे ते अडखळतं. सोनचं मुख्य तंतुवाद्य ‘त्रेस’, तीन जोडतारांचं, गिटारच्या कुळातलं. वाद्य म्हणून ते स्पॅनिश खणात जातं. पण त्रेसवादक काय वाजवतो? तो गाण्याखाली सुरावटी भरत बसत नाही. चार-सहा स्वरांचा एक तुकडा तो क्लावेत अडकवून अखंड फिरवत ठेवतो, इतर वाद्यांच्या रिकाम्या जागांत त्याचे स्वर बसतात. तंतुवाद्य इथे ढोलासारखं विचार करतं. उलट जुन्या सोन-पथकांत खर्जाचं काम करणारं ‘मारिम्बुला’ पाहा: लाकडी खोक्यावर धातूच्या पट्ट्या बसवलेलं, आफ्रिकेतल्या अंगठ्यानं वाजवायच्या वाद्यांचं थोरलं भावंड. ते स्वर देतं. म्हणजे स्पेनकडून आलेलं वाद्य ताल सांभाळतं आणि आफ्रिकेकडून आलेलं वाद्य स्वर.

स्पेनला तालही कमी नव्हता. सहा मात्रा एकदा तीन-तीन, एकदा दोन-दोन-दोन अशा मोजण्याचा खेळ स्पॅनिश संगीतात जुना आहे आणि क्यूबाच्या शेतकऱ्यांच्या ‘पुन्तो’ गायनात तो ठळक ऐकू येतो. त्याच गायनातली दहा ओळींची ‘देसिमा’ विसेन्ते एस्पिनेलनं सोळाव्या शतकाअखेरीस पक्की केलेल्या रचनेत बांधलेली असते आणि गावोगावचे कवी ती आजही समोरासमोर उभं राहून तत्काळ रचतात. आणि आफ्रिकेकडून नुसता ताल आला असं म्हणणाऱ्यानं लुकुमी परंपरेतली, म्हणजे योरुबा वंशजांची, देवतागीतं ऐकावीत. त्यांत लांबलचक, वळणदार चाली आहेत, आणि एक आवाज व समूह यांच्यातलं सवाल-जवाबाचं बांधीव शिल्प आहे. ‘आफ्रिका’ हाही एक शब्द नव्हे: लुकुमी, कोंगो, अरारा आणि कालाबार भागातून आलेले काराबाली, यांच्या भाषा, ढोल, देव वेगवेगळे होते. हवानाच्या गोदी कामगारांत पसरलेला आबाकुआ हा गुप्त बंधुसंघ काराबाली परंपरेतून १८३६ साली रेग्लात स्थापन झाला. शहरी रुम्बाच्या घडणीत त्याचा वाटा मोठा आहे.

खुद्द स्पेनही धुतल्या तांदळासारखा ‘युरोपीय’ नव्हता. आठव्या शतकापासून १४९२पर्यंत त्याच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. सोळाव्या शतकातल्या सेव्हियात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १५८३ साली स्पेनमध्ये ‘सराबान्दा’ हा नाच अश्लील म्हणून बंद करण्यात आला. त्याचे सर्वांत जुने उल्लेख अमेरिकेतले आहेत. पुढे हाच नाच संथ, गंभीर होऊन बाखच्या वाद्यरचनांत बसला. महासागर ओलांडून संगीत एकाच दिशेनं जात नव्हतं.

शिवाय दोनच पालक मोजणाऱ्या समीकरणात फ्रान्स कुठेच नाही. आजच्या हैतीत १७९१ साली गुलामांचं बंड झालं, तिथून पळालेले मळेवाले आणि त्यांच्यासोबत आणलेली गुलाम माणसं पूर्व क्यूबात उतरली. फ्रेंच समूहनृत्यापासून आलेला कोन्त्रादान्सा तिथे फोफावला. १८०३ सालची ‘सान पास्कुआल बाइलोन’ ही त्याची छापील स्वरूपात मिळणारी सर्वांत जुनी क्यूबन रचना. त्याच्याच पोटातून हबानेरा निघाला. बास्क संगीतकार सेबास्तियान इरादिएरनं क्यूबाच्या धर्तीवर एक हबानेरा रचला, बिझेनं तो लोकगीत समजून १८७५च्या ‘कारमेन’मध्ये घेतला, आणि आज जगाला वाटतं की ती चाल म्हणजे अस्सल स्पेन. हवानातल्या कृष्णवर्णीय वादकांच्या हातातून गेलेला ठेका असा माद्रिदच्या नावावर जमा झाला.

३

इथवर कुणी म्हणेल, तपशील गुंतागुंतीचा आहे हे मान्य, पण समीकरणानं बिघडलं काय? बिघडतं श्रेयाच्या आणि शिक्षेच्या वाटणीत.

१ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरात मिगेल फाइल्देच्या वाद्यवृंदानं ‘लास आल्तुरास दे सिम्पसोन’ हा दान्सोन वाजवला. आज ती तारीख राष्ट्रीय नृत्याचा जन्मदिवस म्हणून साजरी होते. त्या काळच्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रांत मात्र दान्सोनवर असभ्यतेचा आणि ‘आफ्रिकी’पणाचा आरोप होत होता. फाइल्दे कृष्णवर्णीय वंशाचा, शिकलेला, स्वरलिपीत लिहिणारा संगीतकार. नाच आवडेनासा असतो तेव्हा तो आफ्रिकी असतो. राष्ट्राचा झाला की त्यातली सुरावट युरोपीय ठरते. सोनचंही तेच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवानातल्या कार्निवलमध्ये कृष्णवर्णीय वस्त्यांच्या ढोलमिरवणुकांवर बंदी आली आणि ती १९३७ साली उठली. पोलिसांनी बोंगो जप्त केल्याच्या आठवणी जुन्या वादकांनी सांगितल्या आहेत. त्याच वर्षांत सेक्स्तेतो हबानेरोसारखी पथकं श्रीमंतांच्या बंगल्यांवर वाजवायला बोलावली जात होती. बंदी आणि बिदागी एकाच शहरात, एकाच वाद्याला.

एप्रिल १९३०मध्ये दोन घटना घडल्या. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये दोन आस्पियासूच्या वाद्यवृंदानं ‘एल मानिसेरो’, म्हणजे ‘शेंगदाणेवाला’, सादर केला. रस्त्यावरच्या फेरीवाल्याच्या आरोळीवर बांधलेला हा सोन ‘रुम्बा’ या चुकीच्या लेबलाखाली जगभर पसरला. लाकडी खोक्यांवर वाजवल्या जाणाऱ्या हवाना-मातान्सासच्या खऱ्या रुम्बाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, पण लेबल चिकटलं ते चिकटलंच. आणि २० एप्रिल रोजी हवानाच्या ‘दिआरिओ दे ला मारिना’ या सनातनी दैनिकात, गुस्तावो उर्रुतिया चालवत असलेल्या कृष्णवर्णीयांच्या पानावर, गियेनच्या आठ कविता आल्या: ‘मोतीव्होस दे सोन’. नृत्यमंचावर जगाला हवाहवासा वाटणारा आवाज छापील पानावर आला तेव्हा मात्र गदारोळ झाला. नाराज झालेल्यांत शिकलेले कृष्णवर्णीय वाचकही होते. आमच्या चाळींतली ही बोली, ही पैशांची भांडणं, हे ओठांवरून चिडवणं, दैनिकात कशाला?

४

आता माझ्या अडचणीकडे येते. त्या आठ कवितांत माणसं एकमेकांशी बोलतात. एक बाई नवऱ्याला पैसे शोधून आणायला सांगते. कुणी इंग्रजीची फुशारकी मारणाऱ्याची फिरकी घेतं. कुणी ओठांवरून दिलेल्या नावाचा राग कशाला, असं मित्राला विचारतं. शब्दांतले ‘स’ गळालेले: ‘साबेस’चं ‘साबे’, ‘इंग्लेस’चं ‘इंग्ले’, ‘बूस्काते’चं ‘बूकाते’. हवानाच्या वाचकानं हे पाहताक्षणी ‘काळ्यांची बोली’ म्हणून ओळखलं.

लँग्स्टन ह्यूज त्याच वर्षाच्या सुरुवातीला हवानात येऊन गियेनला भेटला होता. पुढे त्यानं बेन फ्रेडरिक कॅरुथर्ससोबत गियेनच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं. ‘क्यूबा लिब्रे’ या नावानं ते १९४८ साली आलं. त्यांनी हवानाची माणसं हार्लेमच्या बोलीत बोलवली. ह्यूजच्या हाती हा निर्णय सहानुभूतीचा होता: एका काळ्या शहराचा आवाज दुसऱ्या काळ्या शहराला दिला. पण त्या भाषांतरात एक गृहीतक लपलेलं आहे, ते म्हणजे स्पॅनिशमधली ही मोडतोड काळेपणाची खूण आहे.

भाषाशास्त्र तसं सांगत नाही. शेवटचा ‘स’ गाळणं किंवा त्याचा ‘ह’ करणं ही आन्दालुसिया आणि कॅनरी बेटांच्या स्पॅनिशची जुनी सवय आहे. तिथल्याच लोकांनी ती क्यूबात आणली आणि बेटावर सगळेच, गोरे-काळे, कमी-अधिक प्रमाणात तशीच भाषा बोलत. फरक इतकाच की गोऱ्या माणसाचं बोलणं छापताना ‘स’ परत जोडला जाई, काळ्याचं छापताना तो गाळलेलाच ठेवला जाई. जे ‘आफ्रिकी’ म्हणून ऐकलं गेलं ते बऱ्याच अंशी दक्षिण स्पेनचं होतं. त्रेसचं जे संगीतात झालं, त्याच्या उलट हे भाषेत झालं. मूळ शोधण्याचा खेळ नेमका इथे स्वतःवर उलटतो: खूण कुठून आली यापेक्षा ती कुणाच्या अंगावर चिकटवली गेली, हे महत्त्वाचं.

या गोष्टीनं माझ्यापुरता एक निर्णय सोपा केला. मराठीत माझ्यासमोर दोन तयार वाटा होत्या. पहिली, या माणसांना एखाद्या विशिष्ट प्रदेशाची किंवा जातीची बोली देणं. आपल्या नाटक-सिनेमांत बोलीचा बहुतेक वापर नोकर, गावंढळ, विनोदी पात्र यांच्यासाठी झालेला आहे. मराठी वाचक पहिल्याच ओळीला हसायला तयार होईल. दुसरी, ढोलकीच्या चालीवरची लावणी किंवा छक्कड. ठेका मिळाला असता, पण हवानाची सगळी गल्ली फडावर आणून बसवावी लागली असती, आणि वाचकानं पुन्हा तेच ऐकलं असतं: तालाची माणसं, अंगाची माणसं.

मी तिसरी वाट धरली. छापील मराठी आणि बोललेली मराठी यांतलं जे अंतर सगळ्यांच्या तोंडी आहे, तेवढंच वापरलं. ‘नाही’चं ‘नाय’, ‘काय झालं’चं ‘काय झालं रे’, गिळलेले अंत्यस्वर. मुंबईत हे कुठल्याही मजल्यावर ऐकू येतं, फक्त लिहिलं जात नाही. ‘स’चं हवानात जे स्थान, तेच याचं. आणि मराठी कवितेत यासाठी जागा आहेच. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नं १९७२ सालीच दाखवून दिलं की शहराच्या तळाची भाषा कवितेचा विषय न राहता कवितेचा वक्ता होऊ शकते.

राहिला ताल. गियेननं सोनकडून ठेका उसना घेतला असं सर्रास म्हणतात. कविता जवळून वाचल्या की दिसतं, त्यानं घेतली ती रचना. सोनचे दोन भाग असतात: आधी कडव्यात कथन, मग ‘मोन्तुनो’, जिथे समूह एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि एकटा गायक दर वेळी तिला नवं उत्तर देतो. गियेनच्या कवितेच्या शेवटी येणारं पालुपद हेच काम करतं. तीच ओळ पहिल्यांदा चेष्टा असते, दुसऱ्यांदा टोमणा, तिसऱ्यांदा तिच्यात पोटाची भूक ऐकू येते. हा विचार करण्याचा प्रकार आहे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त आवर्तनी पद्याची जी चिकित्सा केली, तिच्यामुळे मराठीत मात्रांच्या आवर्तनाविषयी नेमकेपणानं बोलता येतं. पण क्लावेचं तीन-तीन-चार-दोन-चार मराठी ओळीत ओढूनताणून बसवण्यात मला अर्थ वाटला नाही. पालुपदाचं वाढत जाणारं वजन मराठीत यायला हवं होतं, आणि ते शब्दक्रमानं येतं.

५

‘सूर अधिक ताल’ याऐवजी मग कोणता शब्द? फेर्नान्दो ओर्तिसनं १९४० सालच्या ‘तंबाखू आणि साखर यांचा क्यूबन प्रतिस्वर’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात ‘ट्रान्सकुल्तुरासिओन’ हा शब्द घडवला. त्यापूर्वीच्या मानववंशशास्त्रात दुबळी संस्कृती प्रबळ संस्कृतीला आत्मसात करते अशी एकेरी कल्पना होती. ओर्तिसच्या मते तीन गोष्टी एकाच वेळी घडतात: जुन्याचा काही भाग तोडला जातो, दुसऱ्याचा काही घेतला जातो, आणि दोहोंत नसलेलं नवं जन्मतं, आणि हे दोन्ही बाजूंना घडतं. या शब्दाचं वजन ओर्तिसच्या स्वतःच्या प्रवासात आहे. १९०६ सालच्या त्याच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकात आफ्रिकी धर्माचार हा गुन्हेशास्त्राचा विषय होता आणि प्रस्तावना लोम्ब्रोसोची. पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो त्याच लोकांकडून शिकत गेला आणि १९५०मध्ये त्यानं क्यूबन लोकसंगीताच्या आफ्रिकीपणावर ग्रंथ लिहिला.

हा शब्द मराठीत आणणं सोपं नाही. ‘संकर’ म्हटलं तर गीतेच्या पहिल्या अध्यायापासून त्या शब्दाला वर्णाच्या भयाचा वास आहे. ‘समन्वय’ फार शांत आहे, जणू समिती बसून ठरलं. ‘गंगा-जमुनी’ हा हिंदी-उर्दूतला लाडका शब्द दोन नद्या आपापल्या उतारानं आल्याचं सुचवतो; गुलामांच्या जहाजातून माणसं उतारानं येत नसतात. खुद्द ओर्तिसची दुसरी प्रतिमा, ‘आखिआको’ नावाचा सतत शिजत राहणारा क्यूबन रस्सा, अधिक चांगली आहे, कारण त्यात तळाशी विरघळलेलं आणि नुकतं टाकलेलं दोन्ही असतं. पण चूल कुणाची, लाकडं कुणी फोडली, हे तीही विचारत नाही. मी ‘संस्कृत्यंतर’ असा शब्द वापरते. स्थलांतर, धर्मांतर, भाषांतर या ओळीत तो बसतो. यांतल्या प्रत्येक शब्दात काहीतरी मागे सोडावं लागतं, आणि ‘अंतर’ या शब्दात बदलही आहे नि दुरावाही.

संस्कृत्यंतर एकदा होऊन थांबत नाही, याचा पुरावा संगीतानंच दिला. १९३०च्या दशकापासून क्यूबन तबकड्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या. लिओपोल्डव्हिल आणि ब्राझाव्हिलच्या गायकांनी त्या आधी ऐकीव स्पॅनिशमध्ये, मग लिंगालात गायल्या. १९६० साली काँगोच्या स्वातंत्र्याची घोषणा जोसेफ कबासेलेच्या ज्या गाण्यानं घरोघरी पोचवली ते चा-चा-चा होतं. ज्या नदीच्या काठावरून माणसं नेली, तिथेच तो ठेका ‘परदेशी फॅशन’ म्हणून परतला.

मुंबईतही त्याची एक शाखा आली. चितळकर रामचंद्रांनी भगवानदादांच्या ‘अलबेला’ला (१९५१) दिलेल्या संगीतात बोंगो आणि मराकास खणखणीत ऐकू येतात, आणि त्यामागे चिक चॉकलेट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा आणि त्याच्या साथीदारांचा हात आहे. या संगीताविषयी आपण काय म्हणतो? चाल संगीतकाराची, वाजवलं गोवेकरांनी. सूर एकाचा, ताल दुसऱ्याचा. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत या वादक-संयोजकांची नावं कित्येक दशकं आली नाहीत, त्यामागे हेच समीकरण आहे.

म्हणून शेवटी आर्सेनिओ रोद्रिगेसचं नाव घेते. १९११ साली मातान्सास प्रांतात जन्मलेला, कोंगो वंशाच्या गुलामांचा नातू, लहानपणी जनावराच्या लाथेनं दृष्टी गेलेला. त्यानं सोनच्या पथकात पियानो, जादा ट्रम्पेट आणि तोवर प्रतिष्ठित मंचावर न येणारा कोंगा ढोल बसवला. आजच्या साल्सा वाद्यवृंदाचा आराखडा हाच. १९३७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या ‘ब्रूका मानिगुआ’त आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामांच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये गाणारा माणूस स्वतःला काराबाली म्हणवतो आणि स्वातंत्र्य मागतो. शब्द आर्सेनिओचे, चाल त्याची. त्रेसही तोच वाजवत असे, आणि आपल्या पथकाची बांधणीही त्यानंच केली. त्याच्यासमोर ते समीकरण ठेवून पाहावं, आणि यातला नेमका कोणता भाग स्पेनला द्यायचा नि कोणता त्याच्या आजोबांना, हे त्या समीकरणालाच विचारावं.